'उठबस': फेनॉमेनॉलॉजी शिकताना सोलापुरातल्या एका पीएच.डी. संशोधनात काय घडले

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापुरातल्या एका पीएच.डी. संशोधनाचे आहे. संशोधिका एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतात आणि मी त्यांची मार्गदर्शक. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावे, गल्ल्या आणि तारखा काढून टाकल्या आहेत.

विषय होता विडीकाम सुटल्यानंतरचा अनुभव. वय झाले, डोळ्यांना दिसेना किंवा बोटे आखडली म्हणून काम सोडावे लागलेल्या बायका सोलापूरच्या पूर्व भागात घराघरात भेटतात. पुरुष यंत्रमागावर आणि बायका विडीवर, अशी विभागणी इथल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भिजवलेले तेंदूपान फर्म्याच्या मापाने कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मिटायचे. हे सगळे मांडीवरच्या सुपात चालते. हिशोब हजारांत होतो आणि माल कंपनीच्या शाखेत नेऊन द्यायचा असतो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने या बायकांना कामगार म्हणून कागदावर आणले. पुढे भविष्य निर्वाह निधी आला, सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. मजुरी, खोकला, घरे, पेन्शन यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. काम सुटल्यावर त्या बाईचा दिवस कसा जातो, यावर आम्हाला फारसे काही सापडत नव्हते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे तिला महत्त्व येते. संशोधिकेची आईही विडी वळायची. मुलीला नोकरी लागली आणि दुसऱ्याच महिन्यात तिने आईचे काम बंद केले. "आता बस झालं, आई." हे वाक्य संशोधिका मोठ्या अभिमानाने सांगत असत.

मूळ आराखडा ३०० बायकांच्या सर्वेक्षणाचा होता. कोर्सवर्कमध्ये फेनॉमेनॉलॉजीशी, म्हणजे जगणाऱ्याला अनुभव जसा येतो तसाच त्याच्या वर्णनातून समजून घेण्याच्या पद्धतीशी, गाठ पडल्यावर त्यांनी तो बदलला आणि मीही लगेच होकार दिला. माझी स्वतःची पीएच.डी. प्रश्नावलीवरची. या विचाराचे तत्त्वज्ञ हुसेर्ल आणि मर्लो-पाँती मी वाचले होते, वर्गात शिकवलेही होते. पण या पद्धतीने एकही मुलाखत घेतलेली नव्हती. हे मी त्या दिवशीच त्यांना सांगायला हवे होते.

अडचण

पहिल्या नऊ मुलाखती ३२ प्रश्नांच्या अनुसूचीवर झाल्या. प्रश्न असे: काम सोडल्यावर कसे वाटते? कुटुंबातले स्थान बदलले का? आरोग्यावर काय परिणाम झाला? उत्तरे आली ती अशी: "काय वाटायचंय मॅडम, नशीब आपलं." "बरं वाटतं." "पोरं बघतात." सगळ्यात लांब मुलाखत २२ मिनिटांची झाली.

त्यातून तक्ता तयार झाला. आर्थिक परिणाम, शारीरिक परिणाम, मानसिक परिणाम, कौटुंबिक परिणाम. प्रत्येक रकान्यात दोन-दोन अवतरणे आणि शेवटी 'अनुभवाचे सार' नावाचा एक परिच्छेद.

प्रगती सादरीकरणात समितीतल्या एका सदस्याने विचारले, "३०० चा नमुना नऊवर कसा आला?" त्याचे उत्तर तयार होते. दुसरे सदस्य तक्ता बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, या नऊ जणी काढून दुसऱ्या नऊ बसवल्या तरी हा तक्ता बदलणार नाही. मुलाखती घ्यायच्या आधीही तो असाच लिहिता आला असता." यावर आमच्याकडे काहीच उत्तर नव्हते.

आणखी एक गोंधळ होता. संमतीपत्र छापील होते, वर महाविद्यालयाचे बोधचिन्ह, खाली अंगठ्याची जागा. बायकांना तो सरकारी फॉर्म वाटला. निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम महिना १००० रुपये, तीही दहा वर्षांची सेवा कागदावर दाखवता आली तर. अशा परिस्थितीत वही-पेन घेऊन दारात उभी राहिलेली बाई पेन्शनचे काम करायलाच आलेली असणार, हा त्यांचा समज चुकीचा कसा म्हणायचा? त्यामुळे त्या हलाखी तेवढी सांगत. मदत मिळण्यासाठी जे सांगावे लागते तेच आमच्या तक्त्यात आले होते.

समोर असलेले पर्याय

नोंदणीला सव्वादोन वर्षे झाली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत कमाल मुदत सहा वर्षांची आहे. वेळ होता, पण उधळण्याइतका नव्हता.

सर्वेक्षणाकडे परतणे सर्वांत सुरक्षित होते. मला ते येत होते आणि संशोधिकेच्या घरूनही तेच सांगणे होते. दुसरा मार्ग सोपा होता: याच नऊ मुलाखती ठेवायच्या, पद्धतीचे नाव बदलून 'आशयसूत्रांचे विश्लेषण' म्हणायचे आणि पुढे जायचे. बरेच जण तसे करतात. पण या मुलाखतींत विश्लेषण करण्याजोगे वर्णनच नव्हते, नाव कोणतेही दिले तरी.

पद्धत टिकवायची तर कोणती, हा खरा प्रश्न होता. फेनॉमेनॉलॉजीच्या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या वाटा आहेत. हुसेर्लने संशोधनाची कृती सांगितली नव्हती. त्याने विचार करण्याची एक रीत मांडली. तिचे मुलाखतींवर चालणाऱ्या पद्धतीत रूपांतर अमेदेओ जॉर्जी यांनी पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठात केले. त्यांचा भर वर्णनावर आहे: सांगणारी जे सांगते त्याच्या पलीकडचे कारण किंवा सिद्धान्त आणायचा नाही. मॅक्स व्हॅन मॅनेन यांची वाट अर्थ लावण्याकडे झुकते. तिथे संशोधकाची लेखणी हेच विश्लेषणाचे साधन असते. जोनाथन स्मिथ यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या आयपीए (इंटरप्रिटेटिव्ह फेनॉमेनॉलॉजिकल अ‍ॅनालिसिस) पद्धतीत सांगणारी आपल्या जगण्याचा अर्थ लावते आणि संशोधक तिच्या त्या अर्थ लावण्याचा अर्थ लावतो.

संशोधिकेचा ओढा आयपीएकडे होता. मी जॉर्जींच्या बाजूची होते आणि माझे कारण त्यांची आई हे होते. अर्थ लावण्याची मोकळीक मिळाली तर त्या प्रत्येक बाईत आपली आई पाहतील, अशी मला भीती होती. वर्णनाला बांधून घेतले तर निदान कुठे घसरलो ते कळेल. चर्चा दोन आठवडे चालली आणि शेवटी जॉर्जी ठरले. जुन्या नऊ मुलाखती 'प्राथमिक' म्हणून बाजूला ठेवल्या. त्यातल्या दोघींना पुन्हा भेटायचे आणि चौघी नव्या घ्यायच्या, असे ठरवले. जॉर्जी किमान तीन सहभागी सांगतात. सहा जणी पुरेशा होत्या. 'माहिती संपृक्त होईपर्यंत', म्हणजे नवे काही मिळेनासे होईपर्यंत मुलाखती घ्यायच्या, हे वाक्य आराखड्यातून काढले. तो निकष ग्राउंडेड थिअरीचा, म्हणजे माहितीतून सिद्धान्त उभा करणाऱ्या वेगळ्या पद्धतीचा आहे, आम्ही तो सवयीने उचलला होता.

काय केले: कंस

आराखड्यात आम्ही लिहिले होते, 'संशोधकाने आपले पूर्वग्रह बाजूला ठेवले.' हे वाक्य बहुतेक प्रबंधांत असते आणि तिथेच ते संपते. इथे 'पूर्वग्रह' हा शब्दच चुकीचा होता. संशोधिकेला जे माहीत होते ते खोटे नव्हते. आईचा खोकला, मजुरीचे दर, खराब म्हणून बाजूला टाकल्या जाणाऱ्या विड्या, सगळे खरे. जे माहीत आहे ते बाजूला ठेवण्याला हुसेर्ल 'कंसात टाकणे' म्हणतो. तो मूळचा गणिताचा माणूस. कंसात टाकलेले पद तो पुसत नाही. ते तिथेच राहते, फक्त त्याचा उपयोग थांबवायचा. खरे असलेलेही काही काळ वापरायचे नाही, हे खोटे टाकून देण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

म्हणून त्यांनी एक वही केली. डाव्या पानावर मुलाखतीआधी 'मला काय ऐकू येईल असे वाटते', उजव्या पानावर मुलाखतीनंतर 'मी कुठे ओळखीचे म्हणून पुढे गेले'. पहिल्या डाव्या पानावर एकच ओळ होती: काम सुटले म्हणजे सुटका झाली. त्याच्याखाली दुसऱ्या दिवशी वेगळ्या शाईने लिहिले होते, 'हे मी आईबद्दल लिहिले आहे. तिला मी कधी विचारले नाही.'

आईची मुलाखत घ्यावी का, हाही प्रश्न आला. त्यांना घ्यायची होती, मी नको म्हटले. मुलीपुढे आई 'बरं झालं बंद केलंस' यापलीकडे काय सांगणार? हा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो.

प्रश्न ३२ वरून एकावर आणले: "काम सोडल्यानंतरचा एखादा दिवस आठवतो का? सकाळपासून सांगा. उठलात, मग?" 'का' विचारले की माणूस स्पष्टीकरण देतो, 'कसे वाटते' विचारले की मत देतो. 'मग?' विचारले की दिवस सांगतो. छापील संमतीपत्राऐवजी तोंडी संमती ध्वनिमुद्रित केली आणि पेन्शनशी आपला संबंध नाही हे पहिल्याच वाक्यात सांगितले. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे ज्या गल्लीत पाण्याचा दिवस त्या गल्लीत जायचे नाही, हेही वेळापत्रकात घातले. गड्ड्याची यात्रा आणि नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव हे आठवडे सोडूनच दिले.

काय केले: 'ओडि'

सहापैकी चौघी घरात तेलुगू बोलणाऱ्या. संशोधिकेला तेलुगू जेमतेम येते, म्हणून त्याच भागातली त्यांची एक जुनी विद्यार्थिनी दुभाषी म्हणून सोबत होती. लेखी उतारा तीच मराठीत करून देई.

साठीच्या पुढच्या एका बाईंच्या उताऱ्यात एक वाक्य होते: 'मांडी रिकामी झाली.' जॉर्जींच्या क्रमाप्रमाणे आधी सगळे बोलणे सलग वाचायचे, मग अर्थ जिथे वळतो तिथे रेघ मारून तुकडे पाडायचे, मग प्रत्येक तुकडा अभ्यासाच्या दृष्टीने पुन्हा लिहायचा. संशोधिकेने या तुकड्यासमोर लिहिले, 'काम नसल्यामुळे तिला रिकामपण जाणवते.' वाचताना काही खटकत नाही. पण यात बाईने सांगितलेले काहीच नाही. कोणत्याही निवृत्त माणसाबद्दल हे लिहिता येईल. मी समासात विचारले, 'मांडीच का?'

त्यांनी मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. बाई म्हणत होत्या, "ओडि खाळी अयिंदि, बिड्डा." दुभाषीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "ओडि म्हणजे तुमची ओटी. आमच्यात ओडि बिय्यम असतं ना, लेकीच्या पदरात तांदूळ घालतात ते. पण इथे सूप ठेवायची जागा म्हणून मी मांडी लिहिलं."

ओटी रिकामी! मराठी कानाला हा शब्द कुठे नेतो ते सांगायला नको. संशोधिकेने रात्रीतून तीन पाने लिहिली: विडी म्हणजे लेकरू, काम सुटणे म्हणजे पुन्हा वांझ होणे. मी ती पाने वाचली आणि मला ती फार आवडली. मी त्यावर 'उत्तम' असा शेरा दिला. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक ही, आणि ती माझी. ज्या कारणासाठी मी आयपीए नको म्हटले होते, तेच मी स्वतः केले. एका सुंदर शब्दाच्या मागे गेले.

चार दिवसांनी संशोधिकाच फोनवर म्हणाल्या, "मॅडम, हे त्यांनी सांगितलेलं नाही. मी सांगतेय." वहीच्या उजव्या पानावर त्यांनी ते लिहूनही ठेवले होते.

पुन्हा जायचे का, यावर मतभेद झाले. पॉल कोलायझी यांच्या १९७८ च्या पद्धतीत शेवटी सहभागींकडे परत जाऊन निष्कर्ष पडताळायचे असतात. जॉर्जींना ते मान्य नाही. बाई रोजच्या दृष्टीतून बोलते, विश्लेषण वेगळ्या दृष्टीतून होते, त्यामुळे तिच्या होकार-नकाराने विश्लेषण खरे-खोटे ठरत नाही असे त्यांचे म्हणणे. आम्ही मधला मार्ग घेतला: निष्कर्ष दाखवायचा नाही, मान्यता मागायची नाही, फक्त वर्णन अपुरे आहे तिथे आणखी वर्णन मागायचे. "ओडि खाळी झाली म्हणालात. तो दिवस सांगा."

बाईंनी सांगितले ते असे. सूप ओडित असे तोवर त्यांना 'ऊठ' म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. सासूही म्हणत नसे. पाने सुकतील, तंबाखू सांडेल, हजार पुरे व्हायचे आहेत. पाहुणा आला तरी बसल्या जागेवरून 'या' म्हणायचे. आता? चहा दे म्हणून ऊठ, दार उघड म्हणून ऊठ, नातवाची चप्पल शोध म्हणून ऊठ. "आता कुणीही उठवतं." हे सांगताना त्यांनी जवळचे तांदळाचे ताट ओढून मांडीवर घेतले आणि दोन्ही हात त्याच्या कडांवर ठेवले. डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत होता.

त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत आतून हाक आली. ताट खाली ठेवून त्या उठल्या.

संशोधिकेने घरी येऊन याच बाईंच्या आधीच्या, 'ओडि' आलेल्या मुलाखतीचा उतारा काढला. त्यात चौकटी कंसात पाच वेळा लिहिले होते: [व्यत्यय]. पाचही वेळा बाईंना कुणीतरी उठवले होते. पन्नास मिनिटांत पाच वेळा. दुभाषीने स्वच्छ उतारा द्यायचा म्हणून ते भाग गाळले होते आणि गाळा असे तिला आम्हीच सांगितले होते.

त्यानंतर साही जणींचे ध्वनिमुद्रण पहिल्यापासून ऐकले. हाका, उठताना गुडघ्यावर टेकलेला हात, परत येऊन "काय म्हणत होते मी?" असे विचारणे, सगळे उताऱ्यात घेतले. या कामाला तीन महिने लागले. शेजारच्या मागांच्या खटखटीत दोन ठिकाणचे बोलणे शेवटपर्यंत कळले नाही.

परिणाम

'बसण्याचा हक्क' असे सार लिहून प्रकरण संपवायचा मोह होता. पण सहावी बाई कुंभारीला एकटी राहणारी. तिला उठवायला घरात कुणीच नाही. हुसेर्लच्या रीतीत कल्पनेने एकेक गोष्ट काढून पाहायची असते: हे काढले तरी अनुभव तोच राहतो का? उत्पन्न काढून पाहिले. एकीला मुलाकडून पूर्वीच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे मिळत, तरी तिचे वर्णन इतरांसारखेच. उठवणारे लोक काढून पाहिले, तर कुंभारीच्या बाईचे वर्णन समोर होते: "आता कधी उठलं तरी चालतं, म्हणून मी दुपारपर्यंत पडूनच." तिला कुणी उठवत नव्हते, पण पूर्वी सूप तिला पहाटे उठवत होते आणि सूपच बसवत होते.

म्हणजे हरवले होते ते नुसते बसणे नव्हते. कधी बसायचे आणि कधी उठायचे हे ठरवणारे असे काहीतरी हरवले होते, जे तिचे स्वतःचे होते आणि घरालाही मान्य होते. मर्लो-पाँती सवयीच्या शरीराबद्दल, म्हणजे सरावाने हालचाली शरीरातच मुरण्याबद्दल, जे म्हणतो, ते इथे मांडीवरच्या सुपात दिसत होते; पण त्याचे नाव चर्चेच्या प्रकरणातच आणले, विश्लेषणात नाही. एकीच्या बाबतीत सुटकाही खरी होती. डोळे वाचले म्हणून ती देवाचे आभार मानत होती आणि त्याच दमात "पण दिवस माझा नाही राहिला" असेही म्हणत होती. संरचनेत, म्हणजे साही जणींच्या अनुभवाच्या शेवटच्या एकत्र वर्णनात, दोन्ही ठेवले.

त्या प्रकरणाला संशोधिकेने 'उठबस' हे नाव दिले. मराठीत उठबस म्हणजे पाहुण्यारावळ्यांची सरबराईसुद्धा, आणि या बायकांच्या वाट्याला आता तीच तेवढी आली होती.

प्रबंध पाच वर्षांच्या आत सादर झाला. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांचा पहिलाच प्रश्न होता, "व्यत्यय उताऱ्यात का ठेवले?" पुढची बरीचशी चर्चा त्यावरच झाली. सुधारणा एकच सुचवली गेली: दुभाषीचे काम पद्धतीच्या प्रकरणात स्वतंत्रपणे मांडा. ती रास्त होती.

वेगळे काय करता आले असते

दुभाषीला आम्ही साधन समजलो, ही मुळातली चूक. ती त्याच गल्लीतली, तिची मावशी विडी वळणारी. तिच्याही डोक्यात डाव्या पानावर लिहिण्यासारखे बरेच असणार. तिला वही दिली असती तर 'ओडि' पहिल्याच दिवशी समोर आला असता. उतारा आधी तेलुगूतच, पण देवनागरीत लिहून घ्यायला हवा होता आणि मराठी त्याच्या शेजारी. आम्ही हे पहिल्या फेरीनंतर केले.

पहिल्या नऊ मुलाखती वाया गेल्या असे संशोधिका म्हणतात. मला तसे वाटत नाही. पण नऊ करायची गरज नव्हती. दोन झाल्यावर बसून ऐकल्या असत्या तर सात बायकांचा वेळ वाचला असता. त्या सात जणींपैकी तिघींना पेन्शनची आशा लागली होती. एकीची कागदपत्रे संशोधिकेने काम संपल्यावर स्वतः कार्यालयात फेऱ्या मारून पुरी केली. बाकी दोघींची दहा वर्षे कागदावर भरत नव्हती.

माझ्यापुरते सांगायचे तर पद्धत येत नसताना होकार दिला, हे मी पुन्हा करणार नाही. निदान एक मुलाखत स्वतः घेऊन, स्वतः उतरवून, तिचे तुकडे पाडून पाहिल्याशिवाय तरी नाही. सध्या माझ्याकडे बेळगाव सीमेवरून आलेला एक विद्यार्थी ऊसतोड सोडलेल्या पुरुषांवर काम करतो आहे. आराखडा लिहायच्या आधी आम्ही दोघांनी एकाच माणसाची मुलाखत वेगवेगळी उतरवली. त्याच्या उताऱ्यात माणूस अकरा ठिकाणी गप्प झाला आहे. माझ्या उताऱ्यात चारच ठिकाणी. गेल्या शनिवारी आम्ही उरलेली सात ठिकाणे ऐकत बसलो होतो.